ओल्या हाताची फेरी

मी घरांची हवा मोजते. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "म्हणजे नक्की काय करता?" आणि उत्तर अर्धं ऐकून हवापाण्यावर बोलायला लागतात. त्यामुळे हल्ली मी उत्तर देतच नाही. आमच्या गल्लीत मला हवावाली म्हणतात. म्हणोत बापडे.

काम तसं साधं आहे. घराच्या पुढच्या दारात एक चौकट घट्ट बसवायची, चौकटीला लाल कापड, कापडात मोठा पंखा. खिडक्या बंद, आतली दारं उघडी. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो, आणि जितकी हवा तो ओढतो तितकीच फटीफटीतून आत येते. पंखा किती जोरात फिरवावा लागला यावरून घर किती गळकं आहे ते कळतं. गळकं असेल तर फटी बुजवायच्या. घट्ट असेल तर आतल्या माणसांना ताजी हवा कुठून मिळणार ते बघायचं. हे दुसरं कुणाला ऐकायचं नसतं. थंडी वाजली तर लगेच कळते, हवा कमी पडली तर कळत नाही, म्हणून.

त्या बाईचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच एका घराच्या माळ्यावर पालथी पडले होते. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. म्हणाली, "सासूबाईंच्या घराची हवा तपासायची आहे. शुक्रवारच्या आत."

"शुक्रवारी काय आहे?"

"शुक्रवारी त्यांना वृद्धाश्रमात न्यायचं ठरलंय. सही करायची आहे. एक जागा रिकामी झाली, ती त्यांनी शुक्रवारपर्यंत आमच्यासाठी धरून ठेवलीये."

"मग हवा कशाला तपासता? घर विकायचंय का?"

"नाही हो," ती म्हणाली. "त्या विसरायला लागल्यात. डोकं धरून बसतात. डॉक्टर म्हणाले, वय आहे, त्यात नवरा गेल्याचा धक्का. पण त्यांच्या डोकेदुखीच्या गोळ्या मीच नेऊन देते ना. उन्हाळ्यात चार महिन्यांत एक पाकीट लागलं. या थंडीत नऊ. गेल्या थंडीतही तसंच, त्याआधी कधी नाही. म्हातारपण काय ऋतू बघून येतं का?"

मी माळ्यावर उठून बसले, छताला डोकं आपटलं. "आणि?"

"आणि मी तिथं दोन रात्री राहिले की माझंही डोकं जड होतं."

अशी माणसं मला आवडतात. अंदाज बांधून मोकळी होणारी पोतंभर भेटतात, पाकिटं मोजणारी एखादीच. मी गुरुवारी सकाळी येते म्हणाले.

घर बैठं होतं, तीन खोल्यांचं, भोवती वीतभर अंगण. आत जाण्याआधी मी नेहमीसारखी बाहेरून एक चक्कर मारली, लांबी-रुंदी घेतली. मागच्या भिंतीला, जमिनीपासून हातभर वर, पत्र्याची एक छोटी टोपी बसवलेली दिसली. भिंतीच्याच रंगात रंगवलेली. जुना नळ किंवा पाइप असेल कधीचा, असं मी मनाशी म्हटलं आणि वहीत लिहिलं, 'जुनं, बंद.' हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

दार मुलानं उघडलं. शाळेत गणित शिकवायचा तो. मी मनातल्या मनात त्याला मास्तर म्हणायला लागले आणि शेवटपर्यंत तेच राहिलं. चेहरा असा की जणू मी वस्तू विकायला आले आहे. त्याच्यामागे फोनवाली सूनबाई, आणि तिच्यामागे, हात पुसत, ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, बुटक्या, केस घट्ट बांधलेले. मी त्यांना काकू म्हटलं आणि त्यांनी मला पहिल्या वाक्यापासून 'तू' केलं.

"हे लाल काय आणलंस?"

"दारात लावायचं आहे, काकू. घराची तपासणी."

"घराला काय झालंय?"

"तेच बघायचंय."

"आई," मास्तर मध्येच म्हणाले, "सकाळी काय खाल्लंस?"

काकूंचा चेहरा मिटला. "खाल्लं काहीतरी."

"काय पण?"

"काहीतरी खाल्लं म्हटलं ना."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. बघितलंत ना, असं ते बघणं होतं. पुढच्या तासाभरात त्यांनी आज वार कोणता, बिल कुठे ठेवलंस आणि शेजारीण कधी येऊन गेली हेही विचारलं. तोंडी परीक्षाच. सूनबाई नजर खाली घालून उभी. मला राग आला, पण मी गप्प बसले. माझी जीभ माझ्या ताब्यात नसते असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. त्यामुळे एवढी गप्प बसले याची मी स्वतःच नोंद घेतली.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ज्या बाईला सकाळचं खाणं आठवत नव्हतं, ती माझ्या मागे मागे फिरत होती आणि एक प्रश्न फुकट घालवत नव्हती. पंखा आत ढकलतो की बाहेर ओढतो? बाहेर ओढला तर फटीचा वारा आतूनच हाताला लागणार, बरोबर? मग तू हात ओला करतेस की कोरडा?

मी थांबले. "कोरडाच लावते. ओला कशाला?"

"ओल्या हाताला वारा आधी कळतो. तळहात नाही, मागची बाजू. ये, दाखवते."

त्यांनी स्वयंपाकघरातल्या नळाखाली हात धरला, झटकला आणि खिडकीच्या चौकटीवरून सावकाश फिरवला. "हे शीतगृहात होते," त्या म्हणाल्या. 'हे' म्हणजे नवरा, दोन वर्षांपूर्वी गेलेला. "फळं-भाज्यांच्या मोठ्या थंड खोल्या असतात ना, त्यांची दारं बसवायचे. चाळीस वर्षं. तिथं केसाएवढी फट राहिली तरी माल नासतो. मग घरी तरी कसे गप्प बसतील? दर वर्षी थंडीचा पहिला रविवार आला की आमची फेरी. मी पुढे ओला हात घेऊन, हे मागे रबराची पट्टी आणि खिळे घेऊन. माझा हात यांच्यापेक्षा चांगला होता. हे स्वतः म्हणायचे."

"आणि आता?"

"आता मी एकटीच करते फेरी. दोन्ही वर्षं केली. चुकवली नाही."

मी चौकटी बघितल्या. खरंच, असं काम मी पंचवीस वर्षांत पाहिलं नव्हतं. प्रत्येक खिडकीला दुहेरी रबर, कोपरे तिरके कापून जोडलेले, खिळे एका ओळीत. दाराखाली पट्टी. माळ्याच्या झाकणालाही पट्टी. विजेच्या बटणांच्या मागेसुद्धा.

बंब बंद केला. हा बंब म्हणजे गॅसवर चालणारी लोखंडी टाकी. तिच्यावर घरही गरम व्हायचं आणि पाणीही. स्वयंपाकघर आणि काकूंची झोपायची खोली यांच्या मधल्या कपाटात तो उभा होता, धुराडं वर छतातून बाहेर गेलेलं. चाचणीच्या वेळी बंब बंदच ठेवायचा असतो. मग मी पंखा सुरू केला.

पंखा नावालाच फिरला. नेहमीच्या घरात तो असा घोंघावतो की बोलणं ऐकू येत नाही. इथे हळूच गुणगुणला आणि दाब गाठून मोकळा. मला वाटलं माझंच यंत्र बिघडलं. नळ्या तपासल्या, पुन्हा लावला. तेच. ज्या दाबाला साध्या घरातली सगळी हवा तासात आठ-दहा वेळा बदलते, तिथे या घरात जेमतेम एकदा बदलत होती. आणि तीही पंखा लावून. पंखा नसताना, खिडक्या बंद असताना या घरात ताजी हवा म्हणून काही येतच नसणार.

इथे माझी जीभ सुटली. उचलली आणि लावली टाळ्याला.

"ज्यानं हे केलं," मी म्हणाले, "त्यानं आत माणसं राहणार याचा विचारच केला नाही. बटाटे साठवायचे होते का इथे? एवढा हुशार कारागीर, पण हवा कुठून येणार हे त्याला सुचू नये? हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय."

"मी किती वर्षं सांगतोय," मास्तर म्हणाले. "बाबांनी घराचा डबा करून ठेवलाय."

काकूंनी हात पदराला पुसला. जाऊन आपल्या खाटेच्या कडेला बसल्या आणि मग एकही प्रश्न विचारला नाही. सूनबाईनं माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. पण बोललेला शब्द काही परत घेता येत नाही, आणि काम अर्धं राहिलं होतं.

"काकू," मी जरा नरमाईनं विचारलं, "स्वयंपाकघरातला धूर ओढायचा पंखा कधी लावता?"

"संध्याकाळी चूल पेटवली की. झोपताना बंद करते. वास राहिलेला मला आवडत नाही."

"आणि डोकं?"

"डोकं सकाळी धरतं. दुपारी जरा बरं वाटतं."

हे ऐकून माझ्या मनात पाल चुकचुकली. मी आत आले तेव्हा खिशातला विषारी वायूचा मीटर शून्यावर होता. तो काही सकाळी बोलणार नव्हता. त्याला घराची संध्याकाळ दाखवायला हवी होती.

मी लाल कापड काढलं, दार लावलं, खिडक्या बंदच. बंब सुरू केला. स्वयंपाकघरातला पंखा सुरू केला, न्हाणीघरातलाही. दहा मिनिटं थांबलो. मग धुराची कांडी पेटवली आणि बंबावर जिथून धुराडं सुरू होतं तिथे धरली. तिथला धूर वर खेचला जायला हवा. तो गेला नाही. तो खाली वळला, कपाटाच्या दारातून माझ्या छातीवर आला आणि सरळ काकूंच्या खोलीकडे निघाला.

मास्तर माझ्या शेजारी उभे होते. गणिताचे असले तरी त्यांना दिसलं.

"हे काय होतंय?"

"स्वयंपाकघरातला पंखा हवा बाहेर फेकतोय. तेवढी हवा कुठूनतरी आत यायला हवी. एकही फट नाही. मग ती एकाच वाटेनं येते, धुराड्यातून खाली. येताना बंबाचा धूर परत घेऊन येते. त्यातल्या विषारी वायूला वास नाही, रंग नाही."

खिशातला मीटर चढायला लागला होता. बारा, तीस, अठ्ठेचाळीस. सत्तरला तो ओरडला. मी गॅसचा खटका बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि तिघांनाही अंगणात काढलं. काकूंना मास्तरांनी हाताला धरून आणलं.

गॅसच्या माणसाला फोन केला, सूनबाईनं डॉक्टरांना केला. रक्त तपासून घ्या म्हणाले. मग आम्ही पायरीवर बसून राहिलो, ऊन होतं म्हणून बरं. मी समजावून सांगितलं. हा वायू रोज संध्याकाळी थोडा थोडा अंगात गेला तर डोकं दुखतं, मळमळतं, आठवण गडबडते. उन्हाळ्यात घर गरम करायला लागत नाही, खिडक्या उघड्या, म्हणून एक पाकीट. मी डॉक्टर नाही. सगळं विसरणं याच्यामुळेच आहे असं मी सांगू शकत नाही. पण बरंचसं असू शकतं.

मला वाटलं होतं सगळ्यांना हायसं वाटेल. सूनबाईला वाटलं, तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. मास्तर पायाखालच्या फरशीकडे बघत होते. "मी आईला रोज प्रश्न विचारत होतो," ते एकदा म्हणाले.

काकू म्हणाल्या, "उद्या सही करायला किती वाजता जायचंय?"

"आई, अगं आता कशाला? ऐकलंस ना, या म्हणतायत की..."

"ऐकलं. बहिरी नाहीये मी." त्या माझ्याकडे वळल्या. आवाज अगदी साधा. "तू म्हणालीस, ज्यानं केलं त्यानं माणसांचा विचार केला नाही. म्हणजे यांनीच मला दोन वर्षं विष पाजलं. त्यांना कळलं नाही, पण पाजलं. त्या घरात मी कशी राहू? प्रत्येक खिडकी बघून मला तेच आठवणार. जे विसरायला हवं ते नेमकं विसरणार नाही बघ. त्यापेक्षा तिकडे जाते."

मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. ही बाई घरात राहावी म्हणून मी आले, आणि माझ्याच एका वाक्यानं ती घर सोडायला निघाली. माफी मागायला तोंड उघडलं, पण माफी मागून काय होणार होतं? मी काही खोटं बोलले नव्हते. घर घट्ट होतं. त्यानंच केलं होतं.

"ते कसे होते हो, काका?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"कसे म्हणजे? शिस्तीचे. एक नियम होता त्यांचा. थंड खोलीचं दार कितीही मोठं असो, आत कडी बसवल्याशिवाय हे बाहेरची कडी बसवायचे नाहीत. आत कुणी अडकलं तर त्याला आतून उघडता आलं पाहिजे. एकदा मालक म्हणाला, आतली कडी नंतर बसवा, माल यायचाय. हे हत्यारं गोळा करून घरी आले. तीन दिवस गेले नाहीत."

मी ऐकत होते आणि मला काही केल्या जुळेना. जो माणूस आतल्या कडीसाठी तीन दिवस काम सोडतो, तो स्वतःच्या बायकोच्या खोलीशेजारी गॅसचा बंब ठेवतो आणि हवेची वाट ठेवत नाही? आणि तो होता तेव्हा तर कुणाचं डोकं दुखत नव्हतं. रबर वीस वर्षांचं, बंब पंधरा वर्षांचा. डोकेदुखी दोन थंड्यांची. कुठंतरी पाणी मुरत होतं.

"बंबाच्या कपाटातली फेरी कोण करायचं?" मी विचारलं.

"तिथं हेच. मला म्हणायचे, तिथलं मी बघतो, तू हात भाजून घेशील. मी कधी आत डोकावले नाही, यांच्या हयातीत."

"आणि नंतर?"

"नंतर केली ना. फेरी अर्धी कशी सोडणार?"

घर तोवर मोकळं झालं होतं, मीटर शून्यावर आला होता. मी आत गेले. बंबाच्या कपाटात गुडघ्यावर बसून टॉर्च मारली. बंबाच्या मागे, भिंतीच्या तळाशी, जिथे काकांचं काळं रबर असायला हवं तिथे काहीतरी करडं दिसत होतं. बोट लावलं. लोकर. ओढली तर यायला लागली आणि येतच राहिली. चार हात लांब विणलेला मफलर, घड्या घालून नीट दाबून बसवलेला. शेवटचं टोक सुटलं आणि थंड वाऱ्याचा झोत माझ्या तोंडावर आला.

आत टॉर्च धरली. भिंतीत वीतभर रुंद चौकोनी भोक. कडा घासून गुळगुळीत केलेल्या. भोक बाहेरच्या बाजूला उतरतं, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. तोंडापासून चार बोटं आत बारीक जाळी, जाळीला चार कोपऱ्यांत चार पितळी स्क्रू. आणि पलीकडे, उजेडात, पत्र्याची टोपी. तीच, जी मी सकाळी बघितली होती आणि 'जुनं, बंद' म्हणून वहीत मारून टाकली होती.

पंचवीस वर्षं हे काम करते मी. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि ती फाशी मीच सुनावलेली.

मफलर हातात घेऊन बाहेर आले. काकूंनी तो बघितला आणि त्यांचा हात आपोआप पुढे आला.

"हा यांचा," त्या म्हणाल्या. "तू कशाला काढलास?"

"तुम्ही घातला होता तिथे?"

त्यांनी मुलाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. एखादी जुनी चोरी कबूल करावी तशा त्या बोलायला लागल्या. "हे गेले त्या थंडीत. पहिल्यांदाच एकटी फेरी करत होते. कपाटात, बंबामागच्या अंधारात ओला हात नेला तर केवढा वारा. मला काही सुचेना. यांच्या हातून एवढी मोठी फट राहिली? शेवटचं वर्षभर आजारी होते, हात चालत नव्हते. मला वाटलं, तेव्हाच राहिलं असणार. उद्या कुणी दुरुस्तीला येईल, बघेल आणि म्हणेल, म्हातारबुवांनी एवढं केलं नि इथे भोक ठेवलं. यांच्या कामाला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून बुजवलं. कुणाला सांगितलं नाही. रबर मला बसवता येत नाही, म्हणून मफलर."

तोवर फाटकाशी गॅसवाला येऊन उभा राहिला होता.

मी त्यांच्यासमोर खाली बसले. "काकू, राहून गेलेल्या भोकाला जाळी नसते. चार पितळी स्क्रू नसतात. बाहेर टोपी नसते. तुमच्या घरात काकांनी सगळीकडे रबर लावलं आणि त्या एका जागी मुद्दाम वाट ठेवली. बंबाला हवा मिळावी म्हणून. तुम्हाला मिळावी म्हणून. ती आतली कडी होती, काकू."

त्या बोटांनी मफलरवरची धूळ काढत होत्या. मास्तर त्यांच्याजवळ सरकले. आता आई कोलमडणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मलाही तीच भीती होती.

"म्हणजे यांची चूक नव्हती," काकू म्हणाल्या.

"नाही. मी उगाच बोलले. माझं चुकलं."

"माझी होती."

"आई, तुला कसं कळणार होतं..."

"माझीच होती रे. बरं झालं." त्यांनी सुस्कारा सोडला आणि हसल्या. खरंच हसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच. "माझी असली तर चालेल. माझ्या चुका मी आयुष्यभर निस्तरल्यात, ही पण निस्तरीन. यांची असती तर मला कुणाशी भांडताही आलं नसतं." मग मफलर मांडीवर ठेवून, पोटातून आल्यासारखं रडल्या. सूनबाईनं त्यांना जवळ घेतलं. मास्तर उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. मीही रडले. गॅसवाला बिचारा आपली पेटी उघडून उगाच पाने-पकडी मोजत बसला.

गॅसवाल्यानं बंब तपासला, बंबात काही खोट नव्हती. मग आम्ही सगळं पुन्हा केलं. खिडक्या बंद, बंब सुरू, पंखे सुरू. फक्त भोक मोकळं. धुराची कांडी मी काकूंच्या हातात दिली. त्यांनी ती धुराड्याच्या तोंडाशी धरली आणि धूर वळवळत सरळ वर गेला. तिघांनी तो जाताना बघितला. मीटर शून्यावरून हलला नाही.

"बघ," काकू मुलाला म्हणाल्या. एवढंच.

तरी मी माझी यादी दिलीच. घरात वायूचा भोंगा लावायचा. झोपायच्या खोलीत बारीक पंखा, दिवसरात्र थोडी थोडी ताजी हवा आत आणणारा, कारण एका माणसालाही श्वासाला हवा लागते, नुसतं बंबाचं भागून चालत नाही. पुढेमागे बंबच बदलायचा, जळायला लागणारी हवा घरातून न घेता थेट बाहेरून घेणारा. मास्तरांनी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. शुक्रवारी वृद्धाश्रमातून फोन आला तेव्हा, सूनबाईनं मला नंतर सांगितलं, मास्तर शाळेत तासावर होते. वर्गाबाहेर येऊन म्हणाले, "ती जागा दुसऱ्या कुणाला द्या. आमची आई घरी आहे." आणि मग बराच वेळ वर्गात परतले नाहीत.

डोकेदुखी दोन आठवड्यांत गेली. विसरणं सगळं गेलं नाही. चष्मा अजून हरवतो, तो माझाही हरवतो. डॉक्टर म्हणाले, बरंच परत आलंय, उरलेलं वयाचं. त्या थंडीत गोळ्यांचं पुढचं पाकीट लागलंच नाही.

पुढच्या वर्षी मला फोन आला, काकूंचाच. "रविवारी ये. थंडीचा पहिला रविवार आहे. यंत्र नको आणूस."

गेले. फेरी सुरू झाली होती. काकू पुढे, ओला हात घेऊन. मास्तर मागे, रबराची पट्टी आणि तोंडात दोन खिळे. पट्टी त्यांनी वाकडी कापली की काकू ओरडत होत्या. खिडक्या झाल्या, माळा झाला, दाराखालची पट्टी बदलली. मग बंबाच्या कपाटाशी आलो. जाळीच्या शेजारी भिंतीवर पेन्सिलीनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बुजवू नये.' काकूंचं अक्षर.

काकूंनी गळ्यातला मफलर मागे टाकला, नळाखाली पुन्हा हात ओला केला आणि गुडघ्यावर बसल्या. वयाच्या मानानं सहज बसल्या. हाताची मागची बाजू जाळीसमोर धरली आणि धरूनच ठेवली.

"येतोय का, आई?" मास्तरांनी खिळे तोंडातून काढून विचारलं.

"येतोय," काकू म्हणाल्या. "यांचं काम आहे, येणारच." आणि हात पूर्ण कोरडा होईपर्यंत त्या तिथून उठल्या नाहीत.